गाडीचा जामीनदार

एकलहरे,
१२ नोव्हेंबर १९९८

प्रिय रोहे,

जयभीम. हे पत्र एकटी असशील तेव्हाच वाच आणि वाचून झालं की घरात ठेवू नकोस. पोस्टाने पाठवलं नाही, कारण माझी पत्रं तुझ्या हातात पडायच्या आधी फोडली जातात हे मला आता कळलंय. तुझ्या शेजारच्या भागीबाई सुनेला सिव्हिलमध्ये दाखवायला नाशिकला आल्या होत्या. त्या उद्या सकाळच्या जीपने पेठला परत जातील, त्यांच्या पिशवीत घालून देतोय. त्यांनी आईला काय काय सांगितलं ते इथे लिहीत बसत नाही. तुला ते माहीतच आहे, आणि आई ते ऐकल्यापासून धड जेवलेली नाही.

तर आधी गाडीची बातमी. गाडी मिळाली. हिरो होंडा, काळी, टाकीवर लाल पट्टा, तुझ्या सासऱ्यांनी फर्मावली होती अगदी तशी. आत्ता आपल्या दारात उभी आहे आणि बाबा मघापासून दोनदा उठून तिच्याकडे बघून आलेत. पण ती कशी मिळाली ते सगळं सांगितल्याशिवाय पुढचं तुला कळणार नाही, म्हणून जरा दमानं वाच.

दसरा झाल्यावर तुझे सासरे आमच्याकडे येऊन गेले हे तुला कुणी सांगितलं की नाही कोण जाणे. बाबांच्या खुर्चीवर बसले, आईच्या हातचे पोहे दोनदा मागून खाल्ले आणि म्हणाले की राकेशरावांची शाळा पेठपासून बरीच आत, रोज जीपला लोंबकळत जायचं, मास्तर माणसाला ते शोभत नाही. हुंडा नाही हो, हुंड्याच्या तर आम्ही विरोधातच आहोत, जावयाची सोय म्हणून आपली एक गाडी. नवी नसली तरी चालेल, असं मन मोठं करून सांगितलं. निघताना पायांत चपला सरकवत म्हणाले की पुढच्या महिनाअखेरपर्यंत जमवा, नाहीतर घरातलं वातावरण आमच्याही हातात राहत नाही. मी मागे दरवाज्यात उभा होतो. त्या वाक्याचा अर्थ मला कळला, आणि तो मला कळावाच असं त्यांना वाटत होतं.

बाबा एक शब्द बोलले नाहीत. का, ते तुला मला दोघांनाही ठाऊक आहे. तुझ्या लग्नात समाजमंदिराच्या स्टेजवर बाबांनी आणि तुझ्या सासऱ्यांनी हातात हात घालून सांगितलं होतं की या लग्नात ना हुंडा, ना मानपान. पत्रिकेवर तसं छापलं होतं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर कॉलनीत कुणाचंही लग्न जमायला लागलं की बाबांना मध्यस्थीला बोलावतात, आणि बाबा इस्त्रीचा सदरा घालून जातात. ज्या माणसाचं उदाहरण देतात त्यानेच कुठल्या तोंडाने सांगायचं की माझी पोरगी गाडीपायी मार खातेय? दुसऱ्या कुठल्या घरात निदान आरडाओरडा तरी झाला असता. आपल्याकडे तत्त्वाचं लग्न झालं म्हणून सगळे तोंडाला कुलूप लावून बसले, आणि त्यांना नेमकं तेच हवं होतं.

तूही त्यातलीच. जयंतीला आलीस तेव्हा एप्रिलच्या त्या उन्हात मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज घालून आली होतीस. मी चेष्टा केली, पेठला काय थंडी पडलीय का गं म्हणून. तू हसलीस. आई हसली नाही. नंतर मागच्या महिन्यात तू एसटीडीवरून फोन केलास, गाडीचं लवकर बघ दादा एवढंच बोललीस आणि मग नुसतीच उभी राहिलीस. मला मागे कुणाचा तरी खोकला ऐकू येत होता. माझी बहीण, जी फोनवर मीटर पळतंय म्हणून माझ्यावर ओरडायची, ती मीटर पळू देऊन गप्प उभी होती.

म्हणून मी गाडीच्या मागे लागलो. हे मी तेव्हा तुझ्या भल्यासाठीच करत होतो रोहे. वाटायचं, एकदा गाडी दारात उभी राहिली की त्यांचं तोंड बंद होईल आणि तुझे दिवस सरळ होतील. माझ्यासारख्या कंत्राटी कामगाराला पतसंस्था दारात उभं करत नाही. नाशिकरोडच्या एका फायनान्सवाल्याकडे गेलो तर त्याने दोन कायम नोकरीतले जामीनदार मागितले आणि वर कोऱ्या चेकवर सह्या. एक जामीनदार बाबांच्या जुन्या दोस्तीत मिळाला, दुसऱ्याने बायकोला विचारून सांगतो म्हटलं आणि तेव्हापासून तो मला बघितलं की सायकलवरून उतरतच नाही. शेवटी आमच्या शिफ्टमधल्या भिशीचा पहिला नंबर मागून घेतला, आईने गळ्यातली पोत काढून दिली, तरी रक्कम अर्धीच भरली. बाकीची हप्त्याने घेईल असा विकणारा शोधणं भाग होतं.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ झुंबरशेठ म्हणून जुन्या गाड्यांचा एक दलाल आहे. हा माणूस आधी बैलबाजारात दलाली करायचा. बैल कमी झाले तसा गाड्यांवर आला, पण रीत सोडली नाही. भाव तोंडाने बोलू देत नाही. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसवतो, दोघांच्या हातांवर खांद्यावरचा पंचा टाकतो आणि आतल्या आत बोटं धरून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. मला आधी हसू आलं. बैलासारखे गाडीचेही दात मोजू का, असंही विचारलं त्याला.

विकणारा दिंडोरीकडचा एक म्हातारा होता, पुंजाराम नावाचा. धोतर, डोक्यावर टोपी, आणि गाडीकडे पाठ करून बसलेला. गाडी मात्र बघून मी चाटच पडलो. एका किकमध्ये सुरू, इंजिनाचा आवाज एकसारखा, टायरवर नवेपणाचे रबरी केस अजून तसेच. गाडी फारशी चाललेलीच नाही हे मला कान लावल्याबरोबर कळलं. पण भाव पाडायचा तर खोट काढलीच पाहिजे. मी म्हणालो, तीन वर्षांच्या गाडीचं मीटर एवढं कमी कसं, मागे फिरवलंय हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. झुंबरशेठने पंचा टाकला. बाजारात अशा गाडीला बावीस हजारांचा भाव होता. मी त्याची बोटं धरून थेट चौदा दाबले. आता तो हात झटकेल, मग मी एकेक चढेन, असा माझा हिशेब. त्याने हात झटकला नाही. त्याची बोटं माझ्या मुठीत नुसती पडून राहिली, खरखरीत आणि गार. मलाच कसंतरी झालं आणि मी आपणहून सोळा केले. त्यालाही त्याने होकारार्थी मान हलवली. निम्मे आता आणि निम्मे दरमहा, यालाही हलवली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

इसाराचे पाचशे एक त्याच्या हातावर ठेवले, किल्ली घेतली. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, गाडी कोणाला. मी सरळ सांगून टाकलं की जावयाला द्यायचीय, बहिणीच्या घरी, पेठला. म्हाताऱ्याने इसाराचे पैसे माझ्या खिशात कोंबले, किल्ली ओढून घेतली आणि म्हणाला, मग नाय द्यायची.

मला वाटलं, भाव वाढवायची ही नवी तऱ्हा. अठरा म्हटलं. मग वीस. माझ्याकडे वीस कुठले असणार, पण तोंडातून निघून गेलं. झुंबरशेठ त्याच्यावर खेकसला की इसार झाल्यावर सौदा मोडत नसतात, बाजारात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मीही नाही नाही ते बोललो. खोटं मीटर लावून लोकांना फसवतोस वगैरे. सगळं ऐकून घेतल्यावर म्हातारा उठला, गाडीपाशी गेला आणि पहिल्यांदा तिच्यावर हात ठेवून बोलला.

“मीटर खरं हाय बाबा. धा महिनेच चालली ती. पोरीच्या लग्नात नाय दिली म्हणून त्यांनी मागनं मागितली, तवा दिली. मग पोरगी विहिरीत सापडली. गावाचे पंच बसले, म्हणले पाय घसरला असंल, पोलिसात नको जाऊ, त्यांच्याकडून तुझी वस्तू माघारी देववतो. गाडी माघारी आली. आशा नाय आली.”

आशा हे तिचं नाव. दोन वर्षं झाली. तेव्हापासून गाडी त्यांच्या पडवीत गोधडीखाली उभी होती, आणि म्हातारी अजूनही दर शनिवारी ती पुसते. जावयाने नाव बदलून घेतलं नव्हतं, कागद म्हाताऱ्याच्याच नावावर. ‘मी गप बसलो त्याचा मोबदला हाय ही गाडी,’ असं तो म्हणाला. झुंबरशेठने पंचा खांद्यावर टाकला आणि चहा सांगायला निघून गेला. मी तिथेच फुटपाथवर बसलो. रडलो, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही. लाज त्याची वाटते की त्या माणसाच्या हातात मी चौदा दाबले होते.

मग मी त्याला तुझं सगळं सांगितलं. बाह्यांचं ब्लाउज, फोन, भागीबाई. एका परक्या माणसाला, भर रस्त्यात, जे कॉलनीत कुणालाही सांगितलं नव्हतं ते सगळं. शेवटी त्याने किल्ली माझ्या पुढ्यात धरली आणि म्हणाला की सोळाच दे, होतील तसे दे, सध्या इसारावरच घेऊन जा. आईची पोत मोडू नको. मी म्हटलं, जामीनदार नाही माझ्याकडे. तर म्हणाला, “जामीन तुझी बहीण. तिला मागं बसवून माझ्या दारात आण. तिला डोळ्यांनी बघीन, मग कागदावर सही करीन. तोवर गाडी माझ्याच नावाची.”

घरी आलो आणि बाबांना सगळं सांगितलं. मला भीती होती, लोक काय म्हणतील यावर ते अडकतील. पण ते म्हणाले, स्टेजवर बोललो होतो की हुंडा देणार नाही. तो शब्द मी महिनाभर मोडायला निघालो होतो. आता नाही मोडत. आणि काल संध्याकाळी समाजमंदिरात बैठक होती तिथे इस्त्री न केलेल्या सदऱ्यात गेले आणि उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या मुलीला गाडीसाठी मारतात. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन-चार माणसं उठून निघून गेली, त्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न बाबांनीच जमवलंय. पण तिघं जण बाबांबरोबर पेठला यायला तयार झाले.

तर हे पत्र गाडीची बातमी द्यायला लिहिलेलं नाही. रविवारी सकाळी बाबा आणि ते तिघं पहिल्या एसटीने येतील आणि पोलीस ठाण्यात जाऊन थांबतील. मी गाडीवर येईन. सगळे घरी असतील हे माहीत आहे, असू देत, चोरून न्यायला तू काही कुणाची चोरी केलेली नाहीस. गाडीचा आवाज ऐकून तुझे सासरे आधी खूश होऊन बाहेर येतील, त्यांना येऊ दे. सामान काही घेऊ नकोस, फक्त शाळेचे दाखले आणि सर्टिफिकिटं असतील तर पदराआड घे. यायचंच नाही असं तुझं ठरलं तर मी ओढून नेणार नाही, पण ते मला दारात येऊन, माझ्याकडे बघून सांग. त्याआधी शुक्रवार, शनिवार सांभाळून राहा, कुणाशी वाद घालू नकोस, आणि पाण्याला एकटी जाऊ नकोस, भागीबाईंना हाक मार, त्यांना मी सांगून ठेवलंय. परत येताना आपण आधी घरी जाणार नाही. दिंडोरीकडे वळायचंय. तिथे एक म्हातारा आणि म्हातारी पडवीत बसलेली असतील, त्यांना जामीनदार दाखवायचाय.

वाट बघ.

तुझाच,
दादा