फाटक्या कानाची सिंहीण

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, टाकसाळीत नाण्यांचे ठसे कोरणाऱ्या कारागिराची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे, तो कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आणून पाहिला गेला, पण लागू पडला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दुसरे काढून दाखवले तर ते खोटे समजावे.

१. राहते घर. मुलगा आणि मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे. वरच्या खोलीसाठी गच्चीवर काढून ठेवलेल्या सळया बावीस वर्षे गंजत आहेत. का, ते कलम चारमध्ये येईल.

२. बँकेतील शिल्लक. माझा शेवटचा खर्च त्यातून करावा. उरेल ते सुनेला. मुलाला नव्हे, सुनेला. माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा दीड महिना माझे केस तिने विंचरले. तिला कोणी सांगितले नव्हते.

३. हत्यारे व पुस्तके. माझ्या यजमानांच्या, म्हणजे यांच्या, अकरा कोरण्या आणि ठसा टेकवायची वाळूभरली चामड्याची गादी मुलीला द्यावी. तिचे कुलूप-किल्ल्यांचे दुकान आहे. सोळाव्या वर्षी ती टाकसाळीत काम शिकायला मिळेल का विचारायला गेली, तेव्हा मोठे साहेब म्हणाले, "बाळ, हे काम मुलींच्या नजरेला झेपत नाही." आता त्यांच्या बंगल्याचे कुलूप अडकले की ते तिलाच बोलावतात. ती जाते. पैसे चोख घेते.

पुस्तके त्रेचाळीस आहेत. मी शाळेत गेले नाही. ठशावर सगळे उलटे कोरावे लागते, तेव्हा नाण्यावर ते सुलटे उमटते. हे घरी सरावाचे ठसे आणत, त्यांवरून मी अक्षरे शिकले; म्हणजे आधी उलटी शिकले. वाचताना आरसा लागेनासा झाला तेव्हा मी तिशीला टेकले होते. पुस्तके वाचनालयाला द्यावीत. त्यांतले एक त्यांचेच आहे. परत करायचे एकोणीस वर्षे राहून गेले.

४. सोन्याची पाच नाणी. सगळ्या वादाचे मूळ हेच. टाकसाळीने पाच वर्षांत ही पाच नाणी काढली. बाजारात चालवायला नव्हे, सोने जमवणाऱ्या हौशी लोकांसाठी. दर वर्षी एक कल्पनेतला प्राणी: एकशिंगी घोडा, आगीतून उठणारा पक्षी, माशाच्या शेपटीचा बोकड, समुद्रातला नाग आणि शेवटी पंखांची सिंहीण. पाचही ठसे यांनी कोरले. नाव लागले मोठ्या साहेबांचे, कारण चित्रे त्यांच्या टेबलावर मंजूर झाली.

हे म्हणाले, "जाऊ दे गं. नाण्याला माहीत आहे."

मी म्हटले, "नाण्याला तोंड आहे, पण ते बोलत नाही."

मग यांनी दर वर्षी एक नाणे पगारातून विकत घेतले. स्वतःच्या हातचे काम रांगेत उभे राहून विकत घेणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. वरची खोली त्यात गेली.

हे जाऊन तीन वर्षे झाली. गेल्या महिन्यात मुलगा नाण्यांच्या एका व्यापाऱ्याला घरी घेऊन आला. तो म्हणाला, "आजी, पाची एकत्र आणि वर टाकसाळीचं हे प्रमाणपत्र, म्हणून हा भाव. सुटी केलीत तर नुसतं सोनं."

"प्रमाणपत्र वाचून दाखवा," मी म्हटले.

त्याने वाचले. शिल्पकार म्हणून साहेबांचे नाव. पुढे, सिंहिणीचा डावा कान नागाशी झालेल्या लढाईत फाटला आहे, अशी शिल्पकाराची कल्पना.

मला हसू आले. मुलाला राग आला. "आई, हट्ट सोड. बाबा गेले. आता नाव कोणाचं का असेना."

"मग तुझ्या दारावरची पाटी काढ आणि शेजाऱ्याची लाव."

सून तोंडाला पदर लावून आत गेली. तेव्हापासून मुलगा माझ्याशी कामापुरते बोलतो.

कानाचे खरे असे आहे. माझा उजवा कान फाटका आहे. सिंहिणीच्या वेळी यांची पाठ धरली होती, म्हणून ठसा घरी आणून कोरायची परवानगी मिळाली. मी समोर बसून बटणे लावत होते. सिंहिणीचा चेहरा समोरून हवा होता, यांनी माझा पाहिला. जन्मभर उलटे कोरणारा माणूस त्या एका कानापाशी चुकला. दिसला तसा कोरला. म्हणून माझा उजवा कान नाण्यावर डावा झाला. पोलादात कोरलेले खोडता येत नाही.

मी म्हटले, "अहो, कान चुकला."

म्हणाले, "तुझ्याकडे बघत होतो."

हे साहेबांना ठाऊक असायचे कारण नाही.

५. सबब नाणी एकत्र विकू नयेत. एकत्र राहू नयेत म्हणूनच मी ती वाटत आहे. घोडा मुलीला. पक्षी सुनेला. बोकड माझ्या धाकट्या बहिणीला. पाण्याला ती अजून भिते, तिला सोबत होईल. नाग सोनाराकडे वितळवावा आणि त्या पैशांत वरची खोली बांधावी. प्रमाणपत्राचे मी चार तुकडे केले आहेत. ते मोठ्या साहेबांना टपालाने पाठवावेत, त्यांचे त्यांना. तिकीट कमी लावू नये.

६. सिंहीण मुलाला, यांच्या भिंगासह. विकायची असेल तर विक बाबा, मी आडवी यायला नसेन. पण आधी भिंगातून तो कान नीट पाहा. घेणाऱ्याने विचारले की हा कोणाशी लढताना फाटला, तर खरे सांग. तू आठ महिन्यांचा होतास, मांडीवर दूध पीत होतास, आणि डूल तुझ्या मुठीत आला होता. तुझ्या बापाने तेवढेच सोन्यावर लिहून ठेवले आहे.

या कामाची देखरेख मुलीने करावी. वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले, आरसा न लावता वाचले, आणि ते मला मान्य आहे.

सही: (स्वहस्ते)

साक्षीदार पहिले: टाकसाळीतले प्रेसवाले, यांच्या शेजारी तीस वर्षे नाणी छापणारे. "पाचही ठसे कोणी कोरले ते मी पाहिलंय, हेही लिहा वहिनी," असे म्हणाले. लिहिले. (सही)

साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या नर्सबाई. साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकीलबाईंनी सांगितल्यामुळे दोघांना फक्त चहा दिला. (सही)

स्थळ: राहते घर, खिडकीजवळचे टेबल, जिथे ठसा कोरला तेच.
तारीख: नऊ फेब्रुवारी, सकाळी अकरा.