काठाकडच्या प्लगमधल्या गाठी

बाबा, काल मी एका लाँचचं काम करून आले. काठावरची लाइन जोडली की बोटीचा पत्रा झटका देतो, अशी तक्रार होती. लाँचवाला मला थेट इंजिनाकडे न्यायला लागला. मी म्हटलं, आधी काठ, मग होडी. तो हसला; ही शिस्त तुमची, हे त्याला काय माहीत! काठावरचा प्लग उघडला तर अर्थिंगची वायर सुटून करंटच्या पिनेला टेकली होती. पाऊण तासात मोकळी झाले. येताना बरं वाटत होतं, आणि अशा प्रत्येक कामानंतर वाटतं तसं हेही वाटलं की तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली.

कॅम्प चारमधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. आई पोळ्या आटोपून हात पुसते, तुम्ही केबलचं भेंडोळं तिच्यापुढे ठेवता आणि ती शिवणाचा दोरा घेऊन बसते. लाल वायरीला दोऱ्याची एक गाठ, हिरवीला दोन, काळीला काही नाही. लाल म्हणजे करंट, हिरवी म्हणजे अर्थिंग, आणि तुम्हाला मात्र दोन्ही एकाच मळकट रंगाच्या दिसायच्या. हे आपल्या तिघांतच होतं. ठेकेदाराला कळलं असतं तर तुम्हाला दुसऱ्याच दिवशी घरी बसावं लागलं असतं. पण तुमची बोटं! न बघता गाठ चाचपायची आणि वायर बरोबर जागी बसायची. मला तुमचा फार अभिमान वाटायचा, तोंडावर कधी बोलले नाही एवढंच.

त्या उन्हाळ्यात आई मावशीच्या बाळंतपणाला चामटोलीला गेली होती. मी चोवीस वर्षांची, अंबरनाथला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. बदलापूरला नदीत गाळ उपसायची लाकडी होडी होती, तिच्या पंपासाठी तुम्ही नवी केबल आणली होती आणि तिच्या गाठी माझ्याकडे आल्या. एक टोक मी नीट बांधलं. दुसऱ्या टोकाच्या वेळी शेजारची भाभी पापड घेऊन आली, कोणाच्या तरी लग्नाच्या गप्पा रंगल्या, आणि हात आपले चालूच राहिले.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती म्हणून दुपारी तुमचा डबा घेऊन नदीवर आले. बघते तर तुम्ही होडीत पंपाची मोटर खोलून बसलेले. होडीवाला लांबूनच ओरडला, "पोरी, थयच ऱ्हा. मना सकाली जाम झटका बसला." मोटर फिरत नव्हती आणि पंपाच्या लोखंडात करंट होता. खाली दहा पावलांवर बायका कपडे धूत होत्या, त्यांना तुम्ही पाण्याबाहेर काढून बसवलं होतं. ठेकेदार छत्री घेऊन काठावर उभा. "देखो, शाम तक नहीं हुआ तो मैं दूसरा वायरमन लाऊंगा," तो म्हणाला, आणि तुम्ही पुढचा स्क्रू सोडवायला घेतलात. मी हळूच विचारलं, "बाबा, काठ बघितला का?" तुम्ही एवढे खेकसलात! "तो प्लग मी स्वतः भरलाय सकाळी. मला शिकवू नकोस." स्वतःचाच नियम तुम्ही त्या दिवशी मोडला होतात, कारण गाठी घरच्या माणसाने बांधल्या होत्या.

मेन स्विच बंदच होता. मी काठावरच्या शेडच्या आडोशाला जाऊन प्लग उघडला. एक गाठ हिरव्या वायरीला होती, दोन लालला. म्हणजे करंट अर्थिंगच्या वाटेने सरळ पंपाच्या अंगावर जात होता. तेव्हाच हाक मारायला हवी होती. मी आधी गाठी सोडल्या. लालला एक, हिरवीला दोन, अशा नीट बांधल्या, आणि मगच म्हटलं, "बाबा, एकदा येऊन बघाच."

तुम्ही आलात, बोटांनी चाचपलंत. एका गाठीची वायर अर्थिंगच्या जाड पिनेत. तुम्ही पुन्हा चाचपलंत. मग उठून ठेकेदाराला म्हणालात, "सेठ, गलती मेरी है. प्लग मैंने उल्टा भरा." मोटर परत जोडली आणि अर्ध्या तासात पंप सुरू झाला. सेठला गाळाशी मतलब, तो छत्री घेऊन निघून गेला. डबा मात्र तुम्ही तसाच परत आणलात.

त्याच आठवड्यात तुम्ही तुमचा टेस्टर माझ्या हातात दिलात. "माझा हात आता भरवशाचा राहिला नाही. प्लग तू भरायचे," असं म्हणालात. मी पॅकिंग सोडलं, वायरमनची परीक्षा दिली, आणि पुढची बारा वर्षं आपण बापलेक जोडीने कामं केली. बाई काठावर, बाप होडीत. लोक थांबून बघायचे. त्या वर्षांइतकं सुख मला नंतर फारसं मिळालं नाही. फक्त तुम्ही साधा दिव्याचा होल्डर जोडलात तरी तीनतीनदा चाचपायचात, तेव्हा मी दुसरीकडे बघायचे. आता अर्थिंगची वायर हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची येते. तुम्हाला ती बघताक्षणी ओळखू आली असती.

शेवटच्या दिवसांत मी तुम्हाला पेज भरवत होते. मध्येच तुम्ही म्हणालात, "नदीवर त्या दिवशी गाठी नीट होत्या ना गं?"

मी म्हटलं, "हो बाबा."

"मग ठीक," तुम्ही म्हणालात. "नाहीतर टेस्टर परत मागितला असता." आणि हसलात. मीही हसले.

हा कागद कुठे टाकणार? टेस्टरच्या डब्यातच राहील. तो अजून माझ्याकडेच आहे, आणि परत मागायला तुम्ही नाही, म्हणून लिहायचं धाडस करते. गाठी उलट्या होत्या, बाबा. तुमचा हात बरोबर होता.