पलीकडचा काठ

१२ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण माझ्यापेक्षा कमी.

तुझं नदीचं चित्र प्रदर्शनासाठी अजून का पाठवलं नाही, असं विचारतेस. त्या फ्रेमवाल्याला विचार! शुंभ नुसता. चित्र हातात घेऊन मलाच म्हणतो, "बाई, हे कुणी केलं?" शाळेत पोरींना झापायचे तसं झापलं, "आधी आवाज खाली!" दुकानातली दोन गिऱ्हाइकं निघून गेली.

त्याचं काही चुकलं नव्हतं. मीच केलं, ठमे.

चार लोकांसमोर जाणार म्हणून पुसायला घेतलं. आपल्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर रोज नखं तपासायच्या. मळ दिसला की माझे हात अजून शिवशिवतात. आणि तुझं ते सकाळचं धुकं मला कायम मळच वाटत आलं. पाण्याने निघेना, म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवला. वीतभर धुकं बोळ्यावर आलं.

"पलीकडच्या काठावर काय आहे ते नीट काढ की," म्हणून मी किती वर्षं तुझं डोकं खाल्लं! आता दिसतंय नीट. एक तपकिरी पट्टा, कुंपणाच्या भिंतीसारखा. नदी तिथेच अडते. डावीकडे धुकं शाबूत आहे, तिथे मात्र ऊन पाण्यात विरघळतंय, काठ कुठे सुरू होतो ते कळत नाही, आणि बघतच राहावंसं वाटतं. तीस वर्षं भिंतीवर होतं. काल पहिल्यांदा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

मग घाबरून धुक्याच्या जागी टूथपावडर लावून पाहिली. हसू नकोस. फ्रेमवाला हसला नाही, तेवढा भला आहे. म्हणाला, "ज्यांनी काढलंय त्यांनाच जमेल."

अकरा वर्षांत तू घरी आली नाहीस. पाहुण्यांसमोर मी म्हणाले होते, "ही? ही काही करत नाही, चित्रं काढते." तू जेवता जेवता उठलीस. मी मात्र सगळ्यांना सांगत राहिले, की धाकटी तुसडी आहे.

प्रदर्शन वीस तारखेला आहे ना? मग रंग घेऊन लगेच ये. टेबल खिडकीशी सरकवलंय. चित्र सुधारण्यासारखं नसेल, तर मला शिव्या द्यायला ये. मी उलट बोलणार नाही.

निदान पहिला दिवस.

कान धरून उभी,
तुझी ताई