मीटरवरचे पाण्याचे डाग

अण्णा, आपण दोघं घाबरणारी माणसं, आणि घाबरणाऱ्या सगळ्यांची असते तीच आपली तक्रार आहे: आपल्याला धीर द्यायला गाव गोळा होतं, पण शेजारी येऊन गप्प कुणी बसत नाही. तुम्ही हे कधी बोलून दाखवलं नाहीत. मी तर बोलण्यातच आयुष्य घालवलं, तरी हे एवढं वाक्य माझ्या कुठल्या भाषणात आलं नाही. भोकरपासून उदगीरपर्यंत किती मैदानांत उभी राहिले, भीती ही गुलामीची पहिली साखळी आहे असं हात वर करून सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायका पदरानं डोळे पुसत घरी गेल्या. आज रविवारची सकाळ आहे आणि मी नांदेडच्या घराच्या अंगणात, गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसून मीटरच्या काचेवरचे डाग काढते आहे. मला लातूरला जायचं आहे. जावं की नाही हे ठरत नाही, म्हणून डाग काढते आहे. काचेवर ओला कापूस चिकटवून ठेवलाय. तो भिजतोय तोवर हे लिहिते.

लातूरला तुमचा नातू असतो. तुम्ही गेल्यावर जन्मला तो. बारावीनंतर डॉक्टरकीच्या परीक्षेत मार्क कमी पडले, म्हणून पुन्हा एक वर्ष तेच. तुमच्या वेळी लातूरला चाललो म्हटलं की लोक किल्लारीच्या भूकंपाचं विचारायचे, आता कुठला क्लास लावला ते विचारतात. गल्लीच्या गल्ली होस्टेलं, खानावळी, अभ्यासिका, आणि खांबाखांबावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. हे शहर पोरांच्या झोपेवर उभं आहे असं मी स्टेजवरून ठणकावून सांगितलंय, आणि माझंच पोरगं त्याच गल्लीत नेऊन ठेवलंय. तुमचा जावई हसत म्हणतो, "मॅडम, भाषण नांदेडला आन् ॲडमिशन लातूरला." आपल्या घरात कुणी डॉक्टर झालं नाही, आणि ते व्हावं असं मला वाटतं. फार वाटतं. हे खोटं नाही, आणि स्टेजवरचंही खोटं नाही.

त्या होस्टेलात आईबापांना वर सोडत नाहीत. त्यामुळे रविवारी दुपारी त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागतात, दारं उघडी, मांडीवर डबे, आणि प्रत्येक गाडीत एक घर जेवत असतं. हा लहानपणापासून ड्रायव्हरच्या सीटवर बसायला हट्ट करायचा, तो अजून तिथंच बसतो. मी बाजूला डबा घेऊन. चार घास खातो, मग होस्टेलवरून भरून आणलेली पाण्याची बाटली घेतो, दारातून बाहेर वाकून तोंड धुतो, आत येऊन ओल्या केसांनी तसाच बसतो. थोड्या वेळानं पुन्हा तोंड धुतो. "अरे किती धुशील," म्हटलं की म्हणतो, "झोप येते गं." शेजारच्या गाडीतली बाई खिडकीतून विचारते, "तुमचा किती वाजता उठतो हो?" मी काही सांगायच्या आत म्हणते, "आमचा तर निजतच न्हाई बघा," आणि असं म्हणते जणू त्याला मेडल मिळालंय. त्यावर मीही मान डोलावते.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "आई, मला जमून नाही राहिलं. छातीत धडधड होते. पेपर समोर आला की अक्षरं हलतात." अण्णा, मी काय केलं असेल तुम्ही ओळखलंच असेल. मी बोलले. चांगलं बोलले. आपली माणसं कुठून कुठवर आली ते सांगितलं, मनगट आणि मन यांवर बोलले, वाचलेलं सगळं कामाला लावलं. पलीकडून "हाव... हाव..." एवढंच येत होतं. मला वाटलं, पटतंय. काल संध्याकाळी पुन्हा फोन. "आई, उद्या नको येऊ." मी विचारलं, का रे. म्हणाला, "तू येतेस आन् बोलतेस. चांगलं बोलतेस. पण नको येऊ." त्यानंतर फोन उचलत नाही. होस्टेलच्या वॉर्डनला विचारलं तर म्हणतो, "झोपलाय मॅडम, टेन्शन नका घेऊ." आज सकाळी पुन्हा लावला, वाजून वाजून बंद झाला. वॉर्डन म्हणतो आत्ता नाश्त्याला दिसला. दिसला म्हणजे कसा दिसला, हे कसं विचारायचं? तुमचा जावई म्हणतो, पोरगं रुळेल, दोन रविवार जाऊ नको. म्हणजे हे दोघंही नको म्हणतात, आणि मी मात्र पहाटेपासून गाडीची किल्ली हातात घेऊन फिरते आहे.

म्हणून गाडी धुवायला काढली. बाहेरून धुतली, आतून पुसली, आणि मीटरपाशी येऊन अडकले. त्या पारदर्शक प्लास्टिकवर पांढरे गोल गोल डाग, मधे पोकळ, कडेला जाड. ओल्या फडक्यानं पुसले, तोवर गेल्यासारखे वाटले, वाळल्यावर परत वर आले. भांड्याच्या साबणानं तेच. बाजारातला फवारा मारला तर काच चमकली आणि डागही चमकले. नखानं खरवडायला गेले तेव्हा बारीक ओरखडा उठला, तशी थांबले. जावई दारातून म्हणाला, "पेट्रोल लाव थोडं, चटकन निघतंय." पेट्रोल म्हटल्याबरोबर तुम्ही आठवलात.

तुम्ही ऑफिसची जीप घेऊन किल्लारीहून परत आलात ते वेगळेच होऊन आलात. मी तेव्हा नववीत. तिकडं काय पाहिलं ते सांगत नव्हता. फक्त मीटरच्या वर, पुढच्या फळीवर एक काचेचा ग्लास पाण्यानं भरून ठेवू लागलात. गाडी उभी असली की त्या पाण्याकडे बघत बसायचात. नंतरचे धक्के चालूच होते, कधी खरे, कधी लोकांच्या मनातले, आणि तुम्ही पाण्यावरून ओळखायचात. नांदेडच्या रस्त्यांवर तो ग्लास हिंदकळायचा, बोअरचं खारं पाणी मीटरच्या काचेवर सांडून वाळायचं. होतं प्लास्टिकच, पण तुम्ही त्याला काच म्हणायचात, आणि घोळ तिथंच झाला. एक दिवस साहेब जीपमध्ये बसले आणि म्हणाले, "काय रे, गाडीत पाणपोई काढली का? काटा दिसेना झालाय. साफ कर ते."

त्याच आठवड्यात शाळेत माझी वक्तृत्व स्पर्धा. विषय होता संकटाशी सामना. तुम्ही खाकी कपड्यांतच येऊन दारापाशी उभे. मी रंगात आले आहे, समोर सगळी शाळा चिडीचूप आहे, आणि वरच्या पत्र्यावर धाडकन वानरांची टोळी उतरते. सगळा पत्रा थरथरतो. पोरं वर बघून हसतात. तुम्ही मात्र बाकांमधून वाट काढत धावत येता, माझं मनगट धरता आणि वाक्याच्या मधूनच मला स्टेजवरून ओढत मैदानात नेता. मागून गुरुजींचा आवाज येतो, "अहो, वानरं हायेत, वानरं!" सगळी शाळा दारात येऊन बघते. भाषण अर्धं राहिलं म्हणून मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

घरी आल्यावर मी जे राहिलं होतं ते सगळं भाषण तुम्हाला अंगणात ऐकवलं. तुम्ही जीपमध्ये बसून पेट्रोलची चिंधी मीटरवर घासत होता. मी म्हणत होते, एवढं काय घाबरायचं, माणसानं छाती काढून उभं राहावं, लोक हसले आपल्याला. तुम्ही मान वर न करता घासत होता, आणि तुमच्या हाताखाली ती काच दुधाळ होत चालली होती. काचेला चालतं ते प्लास्टिकला चालत नाही. डाग राहिले बाजूला, एक कोपराच आंधळा झाला. आई बाहेर आली, बघितलं, म्हणाली, "अवो, क्षार हाय तो. हंडा कशानं निघतो? ठिवा ते पेट्रोल." वरणावर पिळून उरलेली लिंबाची साल तिनं आणून दिली. तुम्ही तुमच्या जुन्या बनियनचा तुकडा लिंबाच्या पाण्यात बुडवून काचेवर पसरलात आणि मला म्हणालात, बस इथं. मी फुगून बसले.

मग तुम्ही एवढंच म्हणालात, "लई चांगलं बोलतीस बाई तू. पर घाबरलेल्याला आइकू येत न्हाई. निस्ता आवाज येतो." मी म्हटलं, मग काय करायचं असतं? तेव्हा तुम्ही किल्लारीचं ते एकच सांगितलंत. एक म्हातारी तुमच्या जीपमध्ये येऊन बसली होती. घरातलं कुणी उरलं नव्हतं. उतरायला तयार नव्हती. अधिकारी आले, "आजी, उतरा." "न्हाई." एक पुढारी आला, धीर धरा म्हणाला, बराच वेळ म्हणाला. ती न्हाई. सगळे थकून गेल्यावर तुम्ही तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिलात. तिचे हात कापत होते, पाणी हलत होतं, ती पीत नव्हती. "हालतंय अजून," म्हणाली. तुम्ही ग्लास तिच्या हातातून घेऊन पुढच्या फळीवर ठेवलात आणि बाजूला बसलात. दोघं पाण्याकडे बघत बसलात. फार वेळानं ती म्हणाली, "थांबलं बघ आता," आणि प्याली. आणि उतरली. मी विचारलं, तुम्ही तिला काय म्हणालात? "म्या काय म्हणणार? मलाबी भ्या वाटत व्हतं की."

तेव्हा मला ते उत्तर वाटलंच नाही. फडकं उचललं तर खालचे डाग गेले होते. दुधाळ कोपरा मात्र तसाच. सोमवारी साहेब म्हणाले, "काय केलंस हे? चांगली होती ती काच." तुम्ही म्हणालात, "डाग गेले, सायेब." घरी येऊन तुम्हीच ते सांगितलंत, आणि किल्लारीहून आल्यापासून पहिल्यांदा हसलात.

आज सकाळी नखानं ओरखडा उठला तेव्हा मी दमून स्टीअरिंगवर हात टाकले आणि डोकं पुढं टेकवलं. डोळे उघडले तर ते डाग बरोबर माझ्या तोंडाखाली होते. तो असाच बसतो, अण्णा. ओल्या केसांनी, हातांवर डोकं टेकवून. मी बाजूला बसून बोलत असते आणि मला त्याची फक्त पाठ दिसते. झोप आलेला माणूस एकदा तोंड धुतो. जेवता जेवता पुन्हा पुन्हा कोण धुतो? ज्याला आपले डोळे दिसू द्यायचे नसतात तो. एवढे रविवार तो माझ्या शेजारी बसून हे करत होता, आणि शेजारच्या बाईच्या बोलण्यावर मी मान डोलावत होते. ते डाग नुसत्या होस्टेलच्या पाण्याचे असतील. नसतीलही. मी तपासणार नाही.

स्वयंपाकघरात जाऊन लिंबाची साल आणली. तुमच्या जावयाचं बनियन मिळेना म्हणून कापूस. आत्ता उचलून पाहिला. बरेच निघालेत. कडेचे दोन हट्टी आहेत, त्यांना पुन्हा भिजत ठेवून घासत बसले तर दुपार होईल, आणि मला ठाऊक आहे की मला दुपारच व्हायला हवी होती. ते दोन राहू दे. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जेवणाच्या वेळेपर्यंत पोचते. त्याच्या पिशव्या गाडीत बसतील एवढी मागची सीट मोकळी केली आहे. परत यायचं की नाही ते तो सांगेल. तो येतो म्हणाला तर माझं ते डॉक्टरकीचं सगळं तिथंच रस्त्यावर राहील, आणि काहीच म्हणाला नाही तर मला त्याहून जास्त भीती वाटेल. डबा घेतलाय. एक काचेचा ग्लासही घेतलाय, फडक्यात गुंडाळून.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. लिंबाच्या साली यातच गुंडाळून टाकते. पण त्याआधी एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या प्रत्येक सभेत टेबलावर पाण्याचा ग्लास लागतो. काचेचाच, स्टीलचा चालत नाही. आयोजक म्हणतात, मॅडमचा घसा जपावा लागतो. मी ते पाणी कधी पीत नाही, अण्णा. बोलायला उभी राहिले की आधी त्याच्याकडे बघते, थांबलंय का ते. मगच सुरू करते.

तर आज माझ्याबरोबर चला. मागच्या सीटवर पिशव्यांची जागा आहे, तिथं बसा. आणि तो आत येऊन बसल्यावर मी तोंड उघडलं, की माझं मनगट धरा, त्या दिवशी स्टेजवर धरलं होतं तसं.