गोळी आणि पॉलिश

धाकटीच्या आईस,

आशीर्वाद लिहिला तर चिडशील, म्हणून नुसता नमस्कार. मी बरा आहे.

रविवारी फोनवर माझी जीभ जड लागली आणि तू "पुन्हा सुरू झालं का?" म्हणून फोन ठेवलास. अगं, ती दारू नव्हती, दारू सोडायच्या गोळीची गुंगी होती. ती गोळी तूच तर हट्टाने सुरू करायला लावलीस.

वैताग आणलाय तिने. दिवसभर तोंडात खिळा धरल्यासारखी चव असते. त्यात आमचं काम फर्निचरला पॉलिश मारायचं, आणि पॉलिशमध्ये स्पिरिट. त्याचा वास नाकात गेला, की गोळीला वाटतं मी प्यायलोच. परवा कपाटाला दुसरा हात देताना तोंड लालबुंद झालं, छाती धडधडली, कोपऱ्यात जाऊन ओकलो. मुकादमाने सगळ्यांसमोर माझं तोंड हुंगलं. नऊ वर्षं पिऊन कामावर गेलो, तेव्हा कुणी हुंगलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की चोरही मीच आणि संन्यासीही मीच.

डॉक्टर म्हणाले, "गोळी बदलू, नाहीतर तुम्ही काम बदला." गोळी बदलली तर तू म्हणणार, पळवाट काढली. म्हणून आता पॉलिश सोडून नुसतं लाकूड घासतो. बोटं सोलवटलीत.

धाकटीचा खोकला गेला का? तिला यातलं काही सांगू नकोस.

सुट्टीत येईन तेव्हा दारातच माझं तोंड हुंगून बघ. इतकी वर्षं मान वळवून घरात शिरायचो. या वेळी वळवणार नाही.

धाकटीचा बाबा