धरणावरचा अक्रोड

व्हर्नाताई,

युद्धावरून परत न आलेल्या तुझ्या लायलने धरणाच्या बांधावर लावलेला अक्रोड मीच तोडायला लावला. तपासणीत त्याच्याखाली ओल दिसली. मुळांच्या वाटेने पाणी जुना बांध पोखरतं, म्हणून मी घाई केली.

तू ओरडलीस, "देवापुढे गुडघे टेकतोस आणि माझ्या पोराची खूण कापतोस? मेल्या, मामा ना तू त्याचा!"

काल बुंधा उपटला. मुळं वरच्यावरच होती, बांधात खोल गेलीच नव्हती. ओल एका फुटक्या नळाची निघाली.

हेच सांगायला आज चर्चमध्ये आलो, तर तू शेजारणीला सांगत होतीस, "माझ्या लायलने स्वतःचं झाड देऊन गाव वाचवलं, बाई."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

तुझा धाकटा,
एलिस