म्हसोबाच्या पोटातलं शिसं

कवठे येमाई,
९ डिसेंबर २०२४

चि. स्नेहल हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की तुझे दगड एकदाचे निघाले. फोन केला असता, पण फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आन् उरलेल्या निम्म्यात तुझी मामी मधी बोलती. म्हणून आपलं कागदच बरा.

दिवाळीत आमच्या नव्या विहिरीच्या ढिगावर चढून, हिरव्या दाण्यांचा काळा दगड बघून तू नाचली होतीस, त्याच दगडाचे सुपारीएवढे टवके हायेत. जास्त मागू नको. विहिरीत आता तीन परस, म्हंजे तीन माणसं बुडतील एवढं, पाणी हाय, तिथनं दुसरा निघायचा न्हाई. ढिगातला बाकी माल रस्त्याच्या भरावात गेला. ह्या जातीचा एकच मोठा धोंडा राहिलाय, तो मामीनं बांधावर ठेवून घेतलाय.

पार्सल दौंडला तुझ्या आईकडं दिलं. तिनं उघडून बघितलं आन् म्हणाली, पोरीला खायला पाठवायचं सोडून धोंडे पाठवता व्हय? मग तिनं त्यातच चिवडा बांधला. खाताना खडा लागला तर दोष तिचा.

अभ्यास कर, पण जेवत जा. मामाची आठवण ठेव.

तुझा,
हौसरावमामा

•

हैदराबाद,
२७ जानेवारी २०२५

ती. मामा आणि मामी यांना शि. सा. न. वि. वि.

मामा, चिवडा पहिल्याच दिवशी संपला. दगडांनी मात्र कमाल केली!

मामी विचारत होती, की दगडात एवढं काय बघते. सांगते. आपला सगळा मुलूख साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचा झाला. तो रस आला जमिनीखालच्या फार खोल थरातून, पुस्तकात ज्याला प्रावरण म्हणतात. तिथवर माणूस जाऊ शकत नाही, भोकही पाडू शकत नाही. तिथली खबर आणतो तो हा दगडच. त्यात शिशाचा अगदी बारीक अंश असतो. शिसं चार प्रकारचं. त्यातले तीन प्रकार कोट्यवधी वर्षांत हळूहळू वाढतात, चौथा होता तेवढाच राहतो. त्यांचं प्रमाण मोजलं, की रस कुठल्या थरातला ते कळतं. मामी नाही का भाकरीच्या चवीवरून ज्वारी कुठल्या रानातली ते सांगत!

तर तुमच्या दगडातलं शिसं आमच्याकडच्या कुठल्याच दगडाशी जुळत नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, हे खरं असेल तर खाली आजवर कुणाला न दिसलेलं काहीतरी आहे. पुढच्या महिन्यात मोठ्या परिषदेत मी हे मांडणार आहे. माझी सगळी पीएचडी आता या दगडावर उभी आहे. आनंदानं मला झोप येत नाही.

दोघांनी तब्येतीला जपा. तुमच्या मायेवरच माझं चाललंय.

तुमची,
स्नेहल

•

कवठे येमाई,
४ फेब्रुवारी २०२५

चि. स्नेहलला मामीचा पोटभर आशीर्वाद.

बाई गं, तुझं पत्र मी अख्ख्या आळीला वाचून दाखवलं. मामा तर असा छाती काढून हिंडतोय जसा काय त्यानंच लाव्हा ओतला.

पण खरं यश कुणाचं ते तुला सांगते. माझ्या म्हसोबाचं! विहिरीच्या आधी दोन बोअर कोरडे गेले होते, तुला ठाऊक हाय. त्या काळ्या पट्ट्याला सुरुंग लावला तवा पलीकडनं पाणी फुटलं. मग त्यातलाच मोठा धोंडा मी बांधावर बसवला, म्हसोबा म्हणून. दिवाळीपासनं त्याला तेल-शेंदूर चुकवला न्हाई. तुझे टवके त्याच्याच अंगचे. देवाला हातोडा लावला न्हाई हां, कडेचे सुटत आलेले तेवढेच काढले. लाल दगड बघून तुझे साहेब लोक हसतील म्हणून साबणानं घासून, गरम पाण्यानं धुऊन दिले. एक तरी डाग दिसला का सांग!

परिषदेला साडी नेस, ती जांभळी. तुझ्यावर जीव हाय म्हणून सांगते.

तुझी,
सोजरामामी

•

हैदराबाद,
११ फेब्रुवारी २०२५

ती. मामीस शि. सा. न. वि. वि.

मामी, तुझं पत्र वाचून मी जिन्यात बसून आधी रडले आणि मग इतकी हसले, की लोक बघायला लागले.

अगं, शेंदूर म्हणजे शिसंच! कुठल्यातरी खाणीतलं शिसं भाजून तो करतात. आम्ही टवके आम्लानं धुतले होते, पण तेलाबरोबर शेंदूर भेगांत शिरला होता, तो तिथंच राहिला. मी पृथ्वीच्या पोटातलं म्हणून जे मोजलं, ते तुझ्या डबीतलं होतं.

सरांना लगेच सांगितलं. ते म्हणाले, आता कळलं ते बरं झालं, छापून आल्यावर कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. परिषदेतून माझं नाव काढलं.

मामी, तुझ्यावर राग नाही, अजिबात नाही. पण एक मागायचंय आणि मागायची भीती वाटते. मार्चअखेरीस शिसं मोजायच्या यंत्रावर माझी पाळी आहे. ती गेली तर वर्ष गेलं. दगडाच्या गाभ्यापर्यंत शेंदूर पोचत नाही, पण गाभा मिळायचा तर म्हसोबा मधोमध फोडावा लागेल. तू नाही म्हणालीस तर मी रुसणार नाही, दुसरा विषय शोधीन. वाईट वाटेल, ते मात्र खोटं कशाला सांगू.

जे ठरवशील ते ठरव, माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझीच,
स्नेहल

•

कवठे येमाई,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. स्नेहलला मामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आन् घरात चूल सोडून काही बोलेना. बांधाशेजारचा सर्जेराव येऊन सांगून गेला, की म्हसोबा फुटला तर विहिरीचं पाणी जाईल. मामीच्या मनातबी तेच भ्या. मी मधल्यामधी. फोड म्हणावं तर पंचाईत, नको म्हणावं तर तुझं तोंड डोळ्यांपुढं.

मग परवा मामीनं मला विचारलं, त्या यंत्राच्या खोलीत चपला घालून जातात का? मला काय ठाऊक! ती म्हणाली, पोरगी एवढा मोठा शोध सोडून साहेबापुढं खरं सांगायला उभी राहिली, ती माझ्या देवाला वाईट हातानं धरायची न्हाई.

आज सकाळी तिनं धोंड्याला अंघोळ घातली, नारळ फोडला, माफी मागितली आन् पहिला घण तिनंच घातला. बाकीचे मी घातले. आत काळाभोर दगड आन् हिरवे दाणे असे चमकले की सर्जेरावानंच आधी हात जोडले. गाभा धुतला न्हाई, पुसला न्हाई, तू लिहिलं असतंस तर श्वासबी घेतला नसता. नव्या कापडात बांधून पाठवतोय. उरलेल्या फाका जुळवून मामीनं म्हसोबा बांधावर परत बसवला.

संध्याकाळी मामी विहिरीत डोकावून आली. पाणी हाय तिथंच हाय. आता तूही धीर धर.

तुझा,
हौसरावमामा

•

हैदराबाद,
७ एप्रिल २०२५

ती. मामा-मामींना शि. सा. न. वि. वि.

मामी, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. चपला बाहेर. डोक्याला टोपी, हाताला मोजे, पाणीसुद्धा वेगळं गाळलेलं, आणि कुणी कुणाला शिवायचं नाही. तुझ्या देवघरात याच्या निम्मंही सोवळं नाही.

आणि आता दगडाचं. अजब असं काही निघालं नाही, पण जे निघालं ते खरं आहे. आपल्याकडचा बराचसा लाव्हा वर येताना वाटेतले खडक विरघळवत, भेसळ होऊन आला. तुमच्या विहिरीतला पट्टा मात्र जवळजवळ बिनभेसळ आलाय. खोल प्रावरणाची खबर जशी निघाली तशी पोचली! सर म्हणाले, यावर प्रबंध उभा राहतो. म्हणजे माझं वर्ष वाचलं. मामी, ते तू वाचवलंस.

थोडा गाभा उरलाय, तो परत आणतेय. शनिवारी दौंडला उतरते. मामांना स्टेशनवर पाठव आणि पुरणपोळी कर. माझी वाट बघा.

तुमची,
स्नेहल

•

कवठे येमाई,
२१ एप्रिल २०२५

चि. स्नेहलला मामीचा आशीर्वाद.

नीट पोचलीस ना? तुझा डबा इथंच राहिला, विसरभोळी कुठली.

तू आणलेला तुकडा म्हसोबाच्या शेजारी बसवलाय. म्हसोबाला अमावस्येला शेंदूर लावते, पण ह्या तुकड्याला बोटबी लावत न्हाई. सर्जेराव विचारत होता, ह्यो देव असा कोरडा का ठेवला? मी म्हणले, ह्यो आमच्या स्नेहलचा. ह्याचं सांगणं अजून संपलं न्हाई.

पुढच्या खेपेला डबा घेऊन जा, भरून देते.

तुझी,
सोजरामामी